दुकानाचं टॅली असलेल्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचं असेल तर

दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून हा प्रश्न आला आहे. विचारणारी मुलगी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात लॅपटॉप एकच: सेकंडहँड डेल लॅटिट्यूड, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, 8 जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क, वर विंडोज 10. वडिलांचं कृषी केंद्र आहे आणि त्याचं टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, याच लॅपटॉपवर चालतं. विंडोज 11 तो घेत नाही. कॉलेजात लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टम, लागते म्हणून तिला ते टाकायचं आहे. नेट मोबाईलचं, लाईन दिवसातून दोन-तीनदा जाते, आणि बाबांनी बजावलं आहे, "माह्या टॅलीले काही झालं, तं मंग पाहाय." तिने विचारलंय तीनच गोष्टी: कोणतं टाकू, कसं टाकू, आणि विंडोज जाणार तर नाही ना.

ताई, तुमचा तिसरा प्रश्न मी पहिला घेतो. लिनक्स टाकणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. बिघडलं तर परत पहिल्या जागी येता येईल, एवढी सोय आधी करून ठेवणं, हे खरं काम. ती सोय झाली असेल तर हवं ते करून बघा. झाली नसेल तर इन्स्टॉलरला हात लावू नका.

एवढं ठासून सांगायला कारण आहे. दिग्रसला माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, त्याला 18 वर्षं झाली. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. एका गिऱ्हाइकाच्या डेस्कटॉपमध्ये दोन डिस्क होत्या, दोन्ही 320 जीबीच्या. एक रिकामी, तिच्यावर लिनक्स टाकायचं होतं. इन्स्टॉलरमध्ये डिस्क एसडीए, एसडीबी अशा नावांनी दिसतात. मी नाव वाचलं, माप वाचलं, आत काय आहे ते उघडून बघितलं नाही. चुकीच्या डिस्कवर 'इरेज' दाबलं. दुसऱ्या दिवशी तो माणूस आला, मी खरं ते सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, माह्या मायचे फोटू होते त्याच्यात. वापस भेटतीन का?" फोटोरेक नावाचा प्रोग्राम मी तीन रात्री चालवला. हजारो चित्रं निघाली, सगळ्यांची नावं गेलेली. त्याच्या आईचा एकच फोटो सापडला, कोणाच्या तरी लग्नातला, खालचा अर्धा भाग करड्या पट्टीत गेलेला. तो प्रिंट काढून दिला. त्याने फोटो घेतला, खिशात ठेवला आणि गेला. तेव्हापासून कोणाच्याही डिस्कची दुसरी प्रत समोर असल्याशिवाय मी तिला हात लावत नाही.

आता तुमच्या घरचं बघू. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, तुमची सहावी पिढी 2015 सालची, त्यामुळे ती यादीत बसत नाही. रूफस नावाच्या प्रोग्रामने ही तपासणी चुकवून विंडोज 11 टाकता येतं, आणि बरेच जण टाकतातही. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्यावर रोजचा हिशोब आहे अशा लॅपटॉपवर मी ते करत नाही. त्यापेक्षा विंडोज 10 ची वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करा. सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरच तो पर्याय येतो, त्याला मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, आणि ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची आहे. बाबांचं टॅली तोपर्यंत विंडोजवर सुरक्षित राहील. त्यानंतर विंडोजमधून नेट जोडायचंच नाही, नेटचं सगळं काम लिनक्समधून करायचं, असाही मार्ग उरतो. माझे दोन व्यापारी असंच करतात.

टॅली लिनक्सवर न्यायचा प्रयत्न मात्र करू नका. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनलेलं आहे. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या वाइन नावाच्या थरावरून ते चालवल्याचं लोक सांगतात, मीही चालवून बघितलं आहे. पण वर्षाचा हिशोब, जीएसटीची बिलं, उधारीची खाती ज्यात आहेत तो प्रोग्राम "चालतो बहुतेक" अशा भरवशावर ठेवायचा नसतो. म्हणजे तुमच्याकडे दोन्ही हवं: बाबांना विंडोज, तुम्हाला लिनक्स. सुरू करताना विचारेल, कोणतं उघडू.

हे 500 जीबीच्या जुन्या हार्ड डिस्कवर जागा करून होतं, आणि बहुतेक जण तसंच सांगतील. मी सांगेन, आधी एक एसएसडी, म्हणजे आत काहीही न फिरणारी वेगवान डिस्क, घ्या. 512 जीबीची, अडीच इंची सॅटा. 480 ची घेऊ नका, जरी स्वस्त पडली तरी. तुमची जुनी डिस्क 500 ची, आणि जिच्यावर प्रत उतरवायची ती निदान तेवढी मोठी लागते. 480 ची घेतली तर क्लोनझिला हा प्रत काढणारा प्रोग्राम साध्या पद्धतीने प्रत करायला नकार देतो आणि मग नको ती खटपट होते. हे लोकांना दुकानातून घरी गेल्यावर कळतं. सोबत एक सॅटा ते यूएसबी केबल लागेल. ती कुणाकडे असेल तर मागून आणा, एकदाच लागते.

क्लोनझिला हा फुकट मिळणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून सुरू होतो आणि एका डिस्कची हुबेहूब प्रत दुसरीवर उतरवतो: विंडोज, टॅली, फोटो, सगळं. भरलेली जागाच वाचतो, म्हणून 200 जीबी डेटा असेल तर तास-दीड तासात होतं. प्रत झाली की लॅपटॉपचं मागचं झाकण उघडायचं, जुनी डिस्क काढायची, एसएसडी बसवायची. जुन्या डिस्कवर कागदाची चिठ्ठी चिकटवा, तारीख लिहा, आणि ती कपाटात ठेवून द्या. पुढचे दोन महिने तिच्यावर काहीही लिहू नका. लिनक्स टाकताना काहीही चुकलं, अगदी सगळी एसएसडी पुसली गेली, तरी चार स्क्रू काढून ती जुनी डिस्क परत बसवली की विंडोज आणि बाबांचं दुकान जसंच्या तसं परत येतं.

प्रत करताना धोक्याची जागा एकच आहे, आणि ती माझ्या वरच्या चुकीचीच जागा आहे. क्लोनझिला विचारतो, कुठून आणि कुठे. उलटं निवडलं तर कोरी एसएसडी तुमच्या भरलेल्या डिस्कवर उतरेल. म्हणून आधीच वहीत दोन्ही डिस्कचं मॉडेल आणि माप लिहून ठेवा. एसएसडीचं लेबलावर असतं, जुन्या डिस्कचं विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतं. पडद्यावर मॉडेल आलं की वहीशी बोट ठेवून जुळवा, मोठ्याने वाचा, शेजारी भावाला उभं करा आणि मग एंटर मारा. आणि प्रत झाल्यावर दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवून विंडोज सुरू करू नका. दोघींची ओळख एकच असल्याने विंडोजचा गोंधळ होतो.

टॅलीचं एक वेगळं सांगतो, कारण बाबांचा राग इथेच येणार. टॅलीचं लायसन्स त्या मशीनशी बांधलेलं असतं. डिस्क बदलली की ते पुन्हा तपासलं जाऊ शकतं आणि टॅली एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे शिकण्यापुरत्या मर्यादित रूपात, जाऊन बसू शकतं. डेटा जात नाही, पण काम अडतं. म्हणून प्रत करण्याआधी टॅलीमधूनच डेटाचा बॅकअप वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. लायसन्सचा सिरियल नंबर, ज्या ईमेलवर ते नोंदलं आहे तो ईमेल आणि पासवर्ड कागदावर लिहून घ्या. मग टॅलीतूनच लायसन्स सरेंडर करा आणि नव्या डिस्कवर पुन्हा ॲक्टिव्हेट करा. तो ईमेल अनेकदा ज्याने टॅली बसवून दिलं त्याचा स्वतःचा निघतो, आणि तो माणूस आता पुण्यात असतो. हे आधी सोडवा, बाकी सगळं नंतर.

झाकण उघडलंच आहे तर पंखाही साफ करा. आपल्याकडे ही गोष्ट साधी नाही. जिनिंगमधून एक लॅपटॉप माझ्याकडे आला होता, दहा मिनिटांत बंद पडायचा. पंख्याच्या तोंडाशी धातूची जाळी असते, तिच्यावर सरकीच्या तंतूंचा थर बसला होता, नखाने धरून ओढला तर घोंगडीच्या तुकड्यासारखा सलग निघाला. कृषी केंद्रात रुई नसेल, पण खताच्या पोत्यांची धूळ असते, ती ओलसर होऊन चिकटते. मऊ ब्रशने काढा, पंखा बोटाने धरून ठेवा, उलटा फिरू देऊ नका. उन्हाळ्यात पारा 45 वर असताना हा सगळा खटाटोप दुपारी करू नका. सकाळी सहाला बसा.

लाईनचं बोलू. लॅपटॉपची बॅटरी असेल तर अर्धी काळजी मिटते, पण सेकंडहँड लॅपटॉपची बॅटरी आधी तपासा. पूर्ण चार्ज करा, चार्जर काढा, तासभर व्हिडिओ लावा. तासभर टिकली तर चालेल. वीस मिनिटांत बसली तर कुणाचा इन्व्हर्टर असेल तिथे जाऊन काम करा. प्रत करताना लाईन गेली तर फारसं बिघडत नाही, कारण जुनी डिस्क फक्त वाचली जात असते. पुन्हा सुरुवातीपासून करायचं. पण पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एखादा भाग, लहान करताना मशीन बंद पडलं तर त्या डिस्कवरचा डेटा जाऊ शकतो. डेस्कटॉपवाल्यांनी यूपीएसशिवाय त्या पायरीला हात लावूच नये.

आता चार गोष्टी तपासून घ्या.

सेकंडहँड ऑफिसचे लॅपटॉप घेतले की कधीकधी बायोसला, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगला, आधीच्या कंपनीचा पासवर्ड असतो. लॅपटॉप सुरू करताना एफ2 दाबून बघा, पासवर्ड मागितला नाही तर ठीक. मागितला तर ज्याच्याकडून घेतला त्याला आधी गाठा. दुसरं, सिस्टम इन्फॉर्मेशन उघडा आणि 'बायोस मोड' समोर काय लिहिलंय ते बघा: यूईएफआय (सुरू होण्याची नवी पद्धत) की लेगसी (जुनी). जुने लॅपटॉप विकणारे पुष्कळ जण विंडोज लेगसी मोडमध्ये टाकून देतात. विंडोज ज्या मोडमध्ये आहे त्याच मोडमध्ये पेनड्राइव्ह सुरू करून लिनक्स टाकायचं, नाहीतर सुरुवातीला दोन्हींचा पर्याय एकत्र येत नाही आणि लोक समजतात विंडोज गेलं. लेगसीत आणखी एक अडथळा आहे. त्या पद्धतीच्या डिस्कवर मुख्य पार्टिशन चारच होतात. विकणाऱ्याने सिस्टम रिझर्व्हड, सी, डी, ई असे चारही वापरून टाकलेले असले तर लिनक्सला पाचवं मिळत नाही. मग ई मधलं सगळं डी मध्ये हलवून ई काढून टाकायचं. कपाटात प्रत आहे, त्यामुळे भिऊ नका.

तिसरं, बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का. चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवा, नाहीतर बायोसमध्ये काही बदललं की विंडोज ती मागेल. चौथं, फास्ट स्टार्टअप बंद करा. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणाच्या सेटिंगमध्ये तो खूणचौकोन असतो. तो चालू असला तर विंडोज 'शटडाउन' केल्यावरही पुरतं बंद होत नाही, अर्धं झोपलेलं राहतं. मग लिनक्समधून डी ड्राइव्ह उघडली की फाइली दिसतात, पण त्यात काही लिहिता येत नाही. याच एका खुणेसाठी लोक माझ्याकडे वीस-वीस किलोमीटर येतात.

कोणतं लिनक्स? लिनक्स मिंट 22 टाका. ते उबंटू 24.04 च्या पायावर आहे, त्याला एप्रिल 2029 पर्यंत अपडेट मिळतील, आणि विंडोजवरून आलेल्या माणसाला त्यात मेनू शोधावा लागत नाही. 8 जीबी रॅमवर त्याची सिनामन आवृत्ती आरामात चालते. कुणाकडे 4 जीबी असेल तर त्यांनी एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी. कॉलेजात उबंटू शिकवत असले तरी कमांड त्याच. आपल्या सी-डॅकचं बॉस लिनक्सही आहे आणि त्यांनी भारतीय भाषांवर मनापासून काम केलं आहे, पण अडलं तर मदत शोधायला मिंटचं सोपं जातं. एक विनंती करतो: काली लिनक्स टाकू नका. बीसीएची पोरं हमखास तेच मागतात. ते सुरक्षा तपासणाऱ्यांसाठीचं हत्यार आहे, रोज वापरायचं नाही, आणि लिनक्सशी नव्याने ओळख होणाऱ्यांसाठी ते नाही हे त्यांच्या स्वतःच्या माहितीतही लिहिलेलं आहे.

बाबांना हे सगळं परकं वाटत असेल तर त्यांच्या हातातला फोन दाखवा. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच कर्नल, म्हणजे गाभा, आहे, जो लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडच्या विद्यार्थ्याने 1991 मध्ये लिहायला घेतला. तेव्हा तो साधारण तुमच्याच वयाचा होता.

मिंटची फाइल जवळपास तीन जीबीची आहे, आणि तुमचा रोजचा पॅक दीड-दोन जीबीचा असणार. ब्राउझरमधून उतरवायला गेलात तर ती अर्ध्यात तुटते. मिंटच्या साइटवर टोरेंटचा पर्याय दिलेला असतो, तो घ्या. इथे तो पूर्ण कायदेशीर आहे. टोरेंट आज अर्धी उतरवतं, उद्या पॅक आला की पुढची, आणि प्रत्येक तुकडा बरोबर आला का हे स्वतः तपासतं. दुसऱ्या मार्गाने फाइल मिळाली असेल, मित्राने पेनड्राइव्हवर दिली असेल, तर शा-256, म्हणजे फाइलची ओळख पटवणारा लांब आकडा, जुळवल्याशिवाय वापरू नका. सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून तो आकडा काढता येतो. साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. अर्धवट फाइल पहिली दहा मिनिटं छान चालते आणि नेमकी इन्स्टॉल होताना अडकते.

पेनड्राइव्ह 8 जीबीचा पुरे. त्यात व्हेंटॉय हा प्रोग्राम टाका म्हणजे मिंट आणि क्लोनझिला या दोन्ही फाइली एकाच पेनड्राइव्हवर नुसत्या कॉपी करून ठेवता येतात. व्हेंटॉय टाकताना पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी बायोसमधली सोय, तेवढ्यापुरतं बंद ठेवा, नाहीतर व्हेंटॉय सुरू होताना अडेल. डेलला सुरू होताना एफ12 दाबत राहिलं की कुठून सुरू करू अशी यादी येते.

मिंट पेनड्राइव्हवरून थेट सुरू होतं. डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असा एक आयकॉन असेल, त्याला दोन दिवस हात लावू नका. आधी मोबाईलचा हॉटस्पॉट जोडून बघा. आवाज येतो का, उजेड कमी-जास्त होतो का, झाकण लावून उघडल्यावर पडदा परत येतो का, कॉलेजच्या प्रोजेक्टरला जोडतो का, हे सगळं बघा. वेग बघू नका, पेनड्राइव्हवरून ते हळूच चालणार. तुमच्या डेलमध्ये इंटेलचं वाय-फाय कार्ड असेल तर ते बहुधा आपोआप चालेल. दुसऱ्या कंपनीचं कार्ड असल्याने वाय-फाय दिसलं नाही तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, त्याला ड्रायव्हर लागत नाही. तेवढ्या नेटवर ड्रायव्हर मॅनेजरमधून वाय-फायचा ड्रायव्हर उतरवता येतो.

प्रिंटर इथेच तपासा. आपल्याकडच्या निम्म्या दुकानांत कॅननचा एलबीपी 2900 दिसतो. दणकट यंत्र आहे, पण त्याची प्रिंट पाठवायची पद्धत वेगळी आहे आणि आजच्या लिनक्सवर तो सरळ चालत नाही. तुमच्याकडे तोच असेल तर त्याच्यासाठी रात्री जागवू नका, बिलं विंडोजमधूनच छापा, आणि तुमचे असाइनमेंट पीडीएफ करून तिकडे न्या. एचपीच्या पुष्कळशा प्रिंटरना एक जादा प्लगइन उतरवलं की पुरतं. सेतू किंवा सीएससी चालवणाऱ्यांना मात्र मी सरळ सांगतो: बोटाचा ठसा घेणारं यंत्र तुमच्या लिनक्सवर चालताना डोळ्यांनी बघितल्याशिवाय कामाच्या मशीनवरून विंडोज काढू नका.

दोन दिवस बघून समाधान झालं की मग जागा करा. सी ड्राइव्ह लहान करायची ती विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच, लिनक्सच्या अवजाराने नाही. राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम, आणि 100 जीबी मोकळी करा. अभ्यासाला तेवढी भरपूर आहे. विंडोज कधी म्हणतं फक्त 20 जीबीच देतो, कारण मधे न हलणाऱ्या फाइली असतात. पेजफाइल आणि सिस्टम रिस्टोर तात्पुरते बंद करून, रीस्टार्ट करून पुन्हा बघा. मोकळी झालेली जागा तशीच 'अनअलोकेटेड' सोडा, तिला नवीन ड्राइव्हचं नाव देऊ नका.

आता तो आयकॉन. भाषा इंग्रजी ठेवा. मराठी आहे, पण भाषांतर अर्धं-मुर्धं आहे, आणि चूक आली की तिचे इंग्रजी शब्दच शोधायला लागतात. जागा कुठे हा प्रश्न आला की 'समथिंग एल्स' निवडा. 'इरेज डिस्क' त्याच यादीत असतं, त्याला चुकूनही नाही. पुढच्या पडद्यावर सगळी पार्टिशन दिसतील. जिथे 'फ्री स्पेस' आणि तुम्ही मोकळी केलेली जागा जुळेल तीच ओळ निवडा, तिथे ईएक्सटी4 प्रकारचं एकच पार्टिशन करा आणि माउंट पॉइंट म्हणून नुसती तिरकी रेघ (/) द्या. स्वॅपसाठी, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायच्या जागेसाठी, वेगळं पार्टिशन नको, मिंट त्याची फाइल स्वतः करून घेतं. विंडोज यूईएफआय मोडमध्ये असेल तर यादीत एक छोटंसं ईएफआय पार्टिशन दिसेल. त्याला फॉरमॅटची खूण लावू नका, विंडोजची किल्ली त्यातच आहे. मग इन्स्टॉल. एसएसडीवर पंधरा-वीस मिनिटं.

गाणी-व्हिडिओ चालवायच्या मल्टिमीडिया कोडेकची खूण केली आणि सिक्युअर बूट चालू असलं तर ते एक पासवर्ड ठरवायला सांगतं, आणि पहिल्या रीस्टार्टला निळा पडदा येतो. त्यावर दहा सेकंदांत 'एनरोल' निवडायचं असतं. घाबरून 'कंटिन्यू' दाबलं तरी मशीन बिघडत नाही, फक्त काही ड्रायव्हर चालू होत नाहीत.

पहिल्या आठवड्यात विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकतं. कोणी काही बिघडवलेलं नाही. लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. लिनक्सला टर्मिनलमधल्या एका ओळीने स्थानिक वेळ ठेवायला सांगता येतं. हे लगेच करा, कारण घड्याळ चुकलं की बँकेची आणि जीएसटीची पानं अडू शकतात, आणि बाबा म्हणतील लिनक्समुळे झालं. मिंटमधलं टाइमशिफ्टही चालू करून ठेवा. एखादं अपडेट अंगाशी आलं तर कालच्या स्थितीला परत जाता येतं. अपडेटसाठी अपडेट मॅनेजरमधून भारतातला मिरर, म्हणजे त्याच फाइलींची जवळची प्रत ठेवणारा सर्व्हर, निवडा, आणि पहिलं मोठं अपडेट पॅक भरलेला असताना घ्या.

मराठी लिहायला वेगळं काही घ्यावं लागत नाही. कीबोर्डच्या लेआउटमध्ये भारतीय निवडलं की देवनागरी इन्स्क्रिप्ट मिळतो. आपल्याला रोज लागणारा 'शेतकऱ्याला' मधला ऱ्य असा येतो: शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ (/). आठवडाभर बोटं अडखळतील, मग विसरून जाल. मंगल फॉन्टमध्ये केलेली फाइल लिब्रेऑफिसमध्ये दुसऱ्या फॉन्टने उघडते आणि ओळी सरकतात, म्हणून अर्ज पाठवताना पीडीएफ करा. श्रीलिपी, कृतिदेव यातल्या जुन्या फाइली फॉन्ट आणून दिसतात, पण ते युनिकोड नाही, त्यात नवीन काही लिहू नका.

पुढे कधी विंडोजचं मोठं अपडेट झालं आणि लॅपटॉप थेट विंडोजमध्येच जाऊ लागला, तर लिनक्स गेलं असं समजू नका. एफ12 दाबा, यादीत 'उबंटू' दिसेल. मिंटची नोंद तिथे त्याच नावाने असते. तिथून आत जा, आणि नंतर बायोसमध्ये त्याला वर सरकवा.

वेळेचं तेवढं सांभाळा. मृग लागायच्या आधी दहा-पंधरा दिवस आणि नंतर महिनाभर बाबांच्या दुकानात बियाण्यांची गर्दी असणार, तेव्हा त्या लॅपटॉपला हात लावू नका. फेब्रुवारी-मार्च बरा, तूर घरात आलेली असते आणि दुकान रिकामं असतं. पहिल्या दिवशी फक्त प्रत करा आणि एसएसडी बसवा, लिनक्सचं नावही काढू नका. बाबांना टॅली उघडून बघू द्या, ते किती लवकर उघडतं ते त्यांचं त्यांनाच दिसेल. आठवडाभर त्यांचं काम नीट चाललं की मग पेनड्राइव्ह काढा. केबल कुठे मिळाली नाही तर दिग्रसच्या बाजाराच्या दिवशी या, माझ्याकडे दोन आहेत, एक घेऊन जा.